बुधवारची उसवण

आयुष्यभर मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कोणता, तर ‘हे कशावर टाकायचं?’ रेशमी धाग्यांनी विणलेलं वीतभर चित्र मी समोर ठेवायचे. गिऱ्हाईक ते उलटंसुलटं करून पाहायचं, तोंडभर कौतुक करायचं आणि मग आवाज खाली आणून विचारायचं, ‘पण हे कशावर टाकायचं असतं?’ भिंतीवर लावायचं असतं असं सांगितलं की चेहरा पडायचा. भिंतीवर कॅलेंडर असतं, देव असतात, घरातली गेलेली माणसं असतात. त्यात माझ्या चिंधीला जागा कुठली? सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबांच्या पत्नीने माझ्याकडून पळसाचं रान नेलं होतं. ते विणायला मला दोन महिने लागले होते. पुढे त्यांच्याकडे जाणं झालं, तर फुललेल्या पळसावर टेलिफोन बसलेला. नागपुरात घरोघरी टीव्ही आले तेव्हा त्याच बाई पुन्हा माझ्या दारात. म्हणाल्या, ‘तस्संच, पण जरा मोठं करता येईल का?’ मी त्यांना काय उत्तर दिलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

गोळीबार चौकाच्या आतल्या बाजूला, कोष्ट्यांच्या वस्तीला लागून माझी माडीवरची खोली होती. गल्लीत मला ‘पेंटरीणबाई’ म्हणत. वडील होते तोवर घरात दोन माणसं होतो, ते गेल्यावर एक. भाऊ जबलपूरला. लग्न का केलं नाही हा या लेखाचा विषय नाही, आणि तो विषय काढणाऱ्यांना मी एरवीही चहा देत नाही.

काम दोन प्रकारचं होतं. पावसाळ्यात रेशमावर रंगकाम आणि उन्हाळ्यात विणकाम. ही वाटणी नागपूरच्या उन्हाने केलेली, माझी नव्हे. रंगकामात रेशीम लाकडी चौकटीवर ताणून बसवायचं. नक्षीच्या कडा आधी अशा चिकट द्रवाने आखून घ्यायच्या, की रंगाला त्या ओलांडता येऊ नयेत. मग पाण्यासारखा पातळ रंग कुंचल्याने सोडायचा. तो आपला आपण पसरत जातो आणि कडेशी येऊन थांबतो. कडा आखायचा तो खास डिंक परदेशातून यायचा. मी सायकलचं पंक्चर काढायचं सोल्यूशन पेट्रोलमध्ये पातळ करून मेंदीच्या कोनात भरायचे आणि त्यानेच आखायचे. चौकातला सायकलवाला बरीच वर्षं असं समजत होता, की माझ्याकडे आठ-दहा सायकली आहेत आणि एकीच्याही चाकात हवा टिकत नाही.

पण एप्रिल उजाडला की हे काम बंद. कुंचला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक खडखडीत वाळलेलं असायचं, आणि ओला रंग वाळक्याला भिडला की तिथे जन्माची रेघ उमटते. कूलरसमोर बसून पाहिलं. कूलरने तुषार उडवले आणि माझ्या निळ्या आभाळाला देवीचे व्रण आले. एकदा रंग पक्का करण्यासाठी वाफ देताना झाकणावरचा थेंब लग्नाच्या साडीवर पडला आणि पदरावर पांढरा डाग फुटला. त्याचा मी चंद्र केला. नवरीची आई म्हणाली, ‘चंद्र काय सुरेख सुचला तुम्हाला!’ मी मान खाली घालून आभार मानले.

म्हणून उन्हाळ्यात विणकाम. एका छोट्या उभ्या चौकटीवर सुती धागे वरून खाली ताणायचे. त्यांतून रंगीत रेशमाचा एकेक धागा आडवा काढायचा आणि फणीने खाली ठोकायचा. प्रत्येक रंग आपापल्या जागेतच फिरतो आणि परततो. कापडावर चित्र काढलेलं नसतं, चित्र हेच कापड असतं. दिवसाकाठी बोटाच्या पेराएवढं सरकलं तर दिवस चांगला गेला म्हणायचं. बोटं मऊ ठेवावी लागतात, कारण खरखरीत कातडीला रेशीम अडकतं आणि त्याचे तंतू निघतात. त्यापायी मी राखेने भांडी घासणं सोडलं होतं.

आणि यातली सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे विणणारी बसते चित्राच्या पाठीमागे. तिच्या बाजूला गाठी, लोंबणारी टोकं, एका रंगातून दुसऱ्या रंगात मारलेल्या उड्या. नीटनेटका चेहरा पलीकडे. शिवाय इकडून सगळं आरशासारखं उलटं. पलीकडे डावीकडे हवं असेल ते इकडे उजव्या हाताला विणायचं. म्हणून रेखाटन उलटं छापून घेऊन धाग्यांच्या मागे टाचतात आणि त्याबरहुकूम विणत जातात. हे वाक्य ध्यानात ठेवा, मला ते एकदा ठेवता आलं नाही.

रेशीम मला गंगाबाईंकडून मिळे. त्या शेजारच्या कोष्टीण, घरात तीन माग. साडी उतरली की उरणारे धाग्यांचे तुकडे त्या माझ्यासाठी जपून ठेवत. त्यांच्याकडे एक रीत होती. साडी कापून उतरवताना जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, हातभर शेपटी मागावर तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्याला गाठ मारून जोडायचा. त्यामुळे त्यांच्या सासऱ्यांनी बसवलेला माग तेव्हापासून एकदाही रिकामा झाला नव्हता. माझं चित्र पुरं झालं की मी मात्र सगळे धागे कापून मोकळी व्हायचे. गंगाबाईंना ते बघवत नसे.

‘काहून वं बाई, असा उघडाबोडका ठेवते का कोनी माग? चार धागे तं ठेव!’

‘गंगाबाई, हा माग नाही, चौकट आहे.’

‘ज्याच्यावर विनते तो माग,’ असं म्हणून त्या खाली उतरत, आणि मग मी आणि ती रिकामी चौकट एवढेच खोलीत उरत असू.

एकटेपणाची तक्रार मी कधी कुणाकडे केली नाही, कारण तक्रार करायलाही माणूस लागतं. पण आता लिहायलाच बसले आहे तर लिहिते. गाणाऱ्याला निदान बेसूर झालास म्हणणारा भेटतो. माझं काम वाईट झालं आहे असं खात्रीने सांगू शकेल असं माणूस त्या अख्ख्या गावात नव्हतं. चांगलं झालं म्हणणारे पुष्कळ, पण ते टेलिफोनखाली घालायचे. उन्हाळ्यात चार-चार दिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही. दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’ म्हणताना आधी घसा खाकरावा लागायचा.

अशा एका फाल्गुनात बळीरामजी जिना चढून आले. नरखेडकडचे संत्रा-मोसंबीचे बागायतदार, साठीच्या पुढचे, धोतर, टोपी, खांद्यावर दुपट्टा. इतवारीतल्या त्यांच्या अडत्याच्या घरी त्यांनी माझं एक विणकाम पाहिलं होतं.

‘तुमी धाग्याची झाडं करता. मानूस करता का?’

मी म्हटलं, माणूस कधी केलं नाही.

‘माई बायको करून द्या. दोन वर्सं झाले तिले जाऊन. फोटो काढाचा राहूनच गेला. दरसाली म्हनो, पुढच्या साली काढू.’ त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘एकदा पाहू द्या तिले. बस्स. दुसरं काई मांगनं नाई.’

मी समजावलं, की चेहरा कठीण, त्यात फोटो नाही, एखाद्या चित्रकाराकडून रंगवून घ्या. ते म्हणाले, ‘कापूस येचत जलम गेला तिचा. धाग्याचंच मानूस होतं ते. कसं होतं ते मी सांगतो, तुमी करा.’

दर बुधवारी त्यांचं संत्रा मार्केटला येणं असे. तिथलं काम आटोपून ते दुपारी माझ्याकडे येत आणि चारच्या एसटीने परत जात. पहिले तीन बुधवार रेखाटनात गेले. मी काढायचं, त्यांनी मान हलवायची, मी खोडायचं. त्यांच्या पत्नीचं नाव तुळसाबाई. कपाळ लहान, डोळे बारीक, हसताना खालचा ओठ एका बाजूला ओढला जायचा. आणि उजव्या गालावर तीळ. नुसता काळा ठिपका नव्हे, हाताला लागेल असा. ‘बैलबंडीत माया डाव्या हातले बसे ती. म्हून तो तीळच दिसे मले सारा रस्ता,’ असं ते म्हणाले.

विणकामाला सुरुवात झाली तशी त्यांनी खुर्ची चौकटीच्या पलीकडे टाकली. त्यांना चेहरा उमटताना पाहायचा होता. त्यामुळे रेखाटन धाग्यांमागे टाचण्याची सोय राहिली नाही, त्यांच्या डोळ्यांपुढे कागद आला असता. मी ते माझ्या मांडीशी ठेवलं, तेही सरळच, आणि डावं-उजवं मनातल्या मनात फिरवत विणू लागले. चुकलं तर पलीकडून ते सांगायचेच. तिळाची गाठ मारायला घेतली तेव्हा ते एकदम ओरडले, ‘इकडं नाई वं, तिकडं!’ आणि मग जीभ चावून म्हणाले, ‘माफ करा बाई.’ आमच्याकडे ‘वं’ घरातल्या, रोजच्या बाईला म्हणतात. तो ‘वं’ मी आठवडाभर कानात ठेवून घेतला होता, हे कबूल करायला आता या वयात काय लाजायचं?

चौकटीतून पलीकडे बघितलं की उभ्या धाग्यांच्या फटींतून त्यांचा चेहरा दिसे. विणकाम खालून वर चढतं. तुळसाबाईंची हनुवटी पुरी झाली तेव्हा बळीरामजींची हनुवटी माझ्यापुरती झाकली गेली. मग ओठ झाकले. ते बोलत असायचे, बागेतल्या विहिरीबद्दल, पंपाबद्दल, काटोलला दिलेल्या मुलीबद्दल, आणि मला फक्त डोळे दिसायचे. जितकं काम चांगलं होई तितका समोरचा माणूस कमी होई. ज्येष्ठात मी मनाशी हिशेब केला. आणखी दोन बुधवार, की चित्र पुरं. मग धागे कापायचे.

पहिल्यांदा उसवलं ते खरोखर ओठ बिघडले म्हणून. हे मी शपथेवर सांगू शकते. ओठांचा रंग जास्त तांबडा झाला होता, ती विड्याची रंगलेली जिवणी वाटत होती. दोन दिवस बसून तिळासकट गालापर्यंतचं सगळं उसवलं. पुढच्या बुधवारी बळीरामजींनी मोसंब्यांची पिशवी ठेवली, खुर्चीवर बसले, चौकटीकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘ओठ गेले?’ मी कारण सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्या दिवशी धाग्यांच्या फटींतून, हनुवटी सोडली तर, त्यांचा अख्खा चेहरा मला पुन्हा दिसत होता, आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्यांदा उसवलं तेव्हा ओठ उत्तम झाले होते. माझ्या हातून तसे ओठ पुन्हा झाले नाहीत. मंगळवारी दुपारी दार लावून मी ते काढून टाकले. तिसऱ्यांदा मला कारणही शोधावं लागलं नाही, कारण त्यांनी विचारलंच नाही. आषाढ गेला, श्रावण आला. रंगकामाचे दिवस होते, दोन साड्यांची कामं पडून होती, आणि मी दर आठवड्याला एका परक्या बाईचे ओठ विणत होते आणि उसवत होते. मी कुणाचं काही चोरते आहे असं मला वाटलं नाही. धागा माझा, वेळ माझा. त्यांचा मला बुधवार तेवढा हवा होता.

या महिन्यांत बळीरामजींची खुर्ची चौकटीजवळ सरकत होती. आधी हातभर अंतर असे, मग वीतभर. कपाळ जवळजवळ धाग्यांना टेकायचं. चहाचा कप खाली ठेवताना ते आधी बशी चाचपायचे. मी या सगळ्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला. त्यांनाही इथे बसावंसं वाटतं, एवढाच.

पोळ्यानंतर ते आले नाहीत. चार बुधवार मी दोन कप काढून ठेवले आणि एक परत फळीवर ठेवला. मग मला राग आला. नसेल हवं तर तसं सांगायचं, मी काय दार लावून घेणार होते? त्या रागाच्या भरात मी बसले आणि पंधरा दिवसांत चित्र पुरं केलं. गाल, तीळ, ओठ, नाक, डोळे, कपाळ, डोक्यावरचा पदर. समोर कुणी नव्हतं. रेखाटन मांडीशी होतं. दसऱ्याच्या आत धागे कापले आणि चौकट रिकामी केली.

दिवाळीनंतरच्या बुधवारी जिन्यावर पावलं वाजली. बळीरामजी होते, पण पुढे त्यांची मुलगी सुनंदा आणि तिच्या खांद्यावर त्यांचा हात. सुनंदा पायरी पायरी सांगत होती.

‘बाबाले आता दिसत नाई,’ ती म्हणाली. ‘काचबिंदू होता. डाक्टरनं मागच्या हिवाळ्यातच सांगतलं होतं, सहा-आठ महिने नजर राहीन म्हून. आमाले कोनालेच बोलले नाई. बुधवारी नागपूरले जातो, एवढंच म्हनत.’

मी महिने मोजले. मोजायला नको होते, पण मोजले गेले. ज्येष्ठात चित्र हातात दिलं असतं तर त्यांनी ते डोळे भरून पाहिलं असतं, आणि वर दोन-तीन महिने रोज पाहिलं असतं. ‘एकदा पाहू द्या तिले’, एवढंच मागितलं होतं.

सुनंदाने चित्र हातात घेतलं आणि ‘आईच वं!’ म्हणून तिला रडू फुटलं. मग तिने ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. बळीरामजींनी बोटं फिरवायला सुरुवात केली. त्यांचे हात शेतकऱ्याचे, भेगाळलेले. रेशीम जागोजागी अडकून तंतू निघत होते, त्याचा बारीक चरचर आवाज येत होता. एरवी कुणी माझ्या कामाला असा हात लावला असता तर मी ओरडले असते. बोटं हनुवटीवरून वर गेली, उजव्या गालावर थांबली, मागेपुढे फिरली. मग पलीकडच्या गालावर गेली. तिथे गाठ लागली.

मी पाहिलं आणि मला समजलं. एकटीने विणताना मांडीशी ठेवलेल्या कागदावर तीळ डावीकडे होता, तो मी माझ्या डाव्या हातालाच घातला होता. चौकटीमागे बसणाऱ्या माणसाने करायची ती पहिली, बाळबोध चूक. ‘इकडं नाई वं’ म्हणायला पलीकडे कुणी नव्हतं.

बळीरामजींनी चित्र पालथं केलं. आता वर ती बाजू आली, जी कुणाला दाखवायची नसते. लोंबणाऱ्या दशा, गाठी, रंगांच्या उड्या. त्यांची बोटं त्या जंजाळातून चालत गेली आणि उजव्या गालावर येऊन टेकली.

‘हं,’ ते म्हणाले. ‘इथं हाय.’

मी म्हटलं, ‘बळीरामजी, मी पुन्हा करून देते. एकदा उसवते आणि...’

‘नोका उसवू आता,’ ते म्हणाले.

गावी एकदा यायचं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात मी गेले. खरं सांगायचं असं ठरवूनच गेले होते. एसटीत वाक्यं जुळवली होती. मधल्या खोलीत, हात पोचेल इतक्या उंचीवर, तुळसाबाई टांगलेल्या होत्या. पाठीची बाजू पुढे. सुनंदा तेव्हा माहेरी आली होती. म्हणाली, बाबा रोज सकाळी हात फिरवतात. दशा झिजून गेल्या होत्या, रेशमावर लव आली होती, ओठ कुठे आणि गाल कुठे हे मलाही नीट ओळखता येईना. तरी तो चेहरा मी ओळखला. सहा महिने माझ्या बाजूला हाच तर होता.

पाहुणी आली म्हणून शेजारपाजारच्या चार बाया जमल्या होत्या. बळीरामजींनी माझ्या दिशेने हात केला.

‘ह्याच त्या बाई. भल्त्या कडक. ओठ पसंत नाई पडले त तीन-तीन डाव उसवले, पन मनासारखं झाल्याबिगर हातात देल्लं नाई. मले दिसे सारं, पलीकडून. मी म्हनलं, करू द्या. असं कोन करते आजकाल दुसऱ्यासाठी?’

बायांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. एकीने माझे हात हातात घेऊन पाहिले, ‘मऊ हायेत वं,’ म्हणाली. चहा आला. मी चहा प्यायले. एसटीत जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. त्यानंतर ते सहा-सात वर्षं होते. दर हंगामाला मोसंब्यांची करंडी पाठवत, आणि मी ती गल्लीत वाटून टाकत असे, कारण मला ती फळं गिळवत नसत. चेहरा मी पुन्हा कधी विणला नाही. आणि गंगाबाईंचं ऐकून चौकटीवर चार धागे मात्र ठेवू लागले.

त्या दिवशी निघताना बळीरामजी भिंत धरत दारापर्यंत आले.

‘आज बुधवार हाय ना, बाई?’ ते म्हणाले. ‘तुमी आल्या म्हंजे बुधवारच असन.’

सोमवार होता. मी ‘हो’ म्हटलं आणि चारची एसटी गाठली.